सोळा एप्रिलचं लफडं

ऐकलंत का? पूर्वी माणसं उठल्या उठल्या देवाचं नाव घ्यायची, नाहीतर चहाचं. हल्ली पहाटे पावणेसहाला ‘आजचा दिनविशेष’ घेतात. दूधवाला यायच्या आत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जगाच्या इतिहासाचा रतीब पडलेला असतो. कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली बोट बुडाली, कुठे तह झाला, आणि सगळ्याच्या शेवटी दोन गुलाब आणि जोडलेले हात. तळमजल्यावरचे काका टाकतात. पाठोपाठ चौथ्या मजल्यावरच्या काकू तोच मजकूर वेगळी फुलं लावून टाकतात. मग बी विंगवाले आप्पा, ज्यांचं काकांशी पार्किंगवरून वाकडं आहे, ते त्याच तारखेचा तिसराच मजकूर टाकतात आणि वर लिहितात ‘अचूक माहिती’. म्हणजे काकांनी काय थापा मारल्या होत्या?

बरं, हे वेड अगदीच नवं म्हणावं तर तसंही नाही. शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात सुविचाराखाली दिनविशेष असायचाच. पण तो एक ओळीचा. अमुक यांची जयंती, संपलं, वही उघडा. आता एकेका तारखेला चाळीस-चाळीस नोंदी असतात आणि वाचतो कोण? कुणीही नाही! वाचलं असतं तर जयंतीला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि पुण्यतिथीला ‘हार्दिक शुभेच्छा’ पडल्या नसत्या. आमच्याकडे लिंकनच्या हत्येला कुणीतरी केक पाठवला होता. जनाची नाही तर मनाची!

आणि हे ग्रुपवर राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. परवा कहर झाला. दुसऱ्या मजल्यावर मुलीच्या लग्नाची बैठक होती. मानपान ठरला, याद्या व्हायच्या होत्या, हॉल मिळत होता पंधरा एप्रिलला. गुरुजींनी मुहूर्त काढून दिलेला, गुरुबळ आहे, सगळं आहे. तेवढ्यात मुलाची आत्या मोबाइल नाकाशी धरून म्हणते, “पंधरा नको हो. टायटॅनिक बुडाली त्या दिवशी.”

गुरुजींनी पंचांग मिटलं. त्यात टायटॅनिक कुठून असणार?

मुलीची आई समजूतदार. म्हणाली, मग चौदा घेऊ, सुट्टीच असते. आत्या म्हणाली, हिमनगावर आपटली ती चौदालाच, रात्री. शिवाय १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला. हे मात्र खरं. एकाच बोटीत दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या, आणि वर सोन्याच्या लगडी! आग लागली आणि स्फोट एवढा मोठा, की एक लगड गोदीपासून लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती परत केली म्हणतात. आमच्याकडे लिफ्टमध्ये सापडलेली छत्री परत येत नाही.

बरं, मग सोळा? आत्यांनी अंगठा वर सरकवला. १६ एप्रिल १९४७, अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात ग्रँडकॅम्प नावाची फ्रेंच बोट उडाली. खतासाठीचं अमोनियम नायट्रेट भरलेलं होतं, सुमारे ५८० माणसं गेली. आता बैठकीत कुणी बोलेना. मुलाचे काका हळूच म्हणाले, “पण आपण लग्न हॉलमध्ये करतोय ना? बोटीवर नाही.” त्यांना सगळ्यांनी असं पाहिलं की त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही.

लग्न ठरलं बावीसला. बावीस एप्रिल ही लेनिनची जन्मतारीख. व्याही कारखानदार आहेत. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे चौदा ते सोळा एप्रिल हे तीन दिवस बोटीला वर्ज्य झालेत. आप्पांनी मांडव्याची सहल पुढे ढकलली. आणि ज्या बोटीची खरोखर आठवण काढावी ती यांच्या कुणाच्या यादीत नाही. १६ एप्रिल १९४५ च्या रात्री बाल्टिक समुद्रात गोया नावाचं मालवाहू जहाज सोव्हिएत पाणबुडीनं बुडवलं. रशियन फौजांपुढून पळणारे निर्वासित आणि जखमी सैनिक त्यात खच्चून भरलेले, सहा हजारांहून जास्त माणसं गेली. टायटॅनिकवर दीड हजारांच्या आसपास गेली होती. पण टायटॅनिकला सिनेमा आहे, गाणं आहे, बोटीच्या टोकाशी हात पसरून उभं राहायची सोय आहे. गोयावरचे लोक हरणाऱ्या बाजूचे होते आणि युद्ध संपत आलं होतं. त्यांना गुलाब कोण पाठवणार?

तर मी काय सांगत होते? सोळा एप्रिल. ही तारीख म्हणजे आमच्या ग्रुपचा दसरा. कारण त्या दिवशी आपली पहिली प्रवासी आगगाडी सुटली! त्या दिवशी पाहावं. पहाटेपासून इंजिनांची चित्रं. काकूंच्या चित्रात गाडी उभी आहे आणि मागे घुमटासकट, दगडी सिंहासकट आपलं बोरीबंदर स्टेशन दिमाखात. अहो, ती इमारत बांधायला घेतली १८७८ साली! पहिली गाडी गेली १८५३ ला. तेव्हा तिथे साधं लाकडी स्टेशन होतं. पाळण्यातल्या बाळाच्या मांडीवर त्याचं नातवंड बसवल्यासारखा तो फोटो. आप्पांच्या ‘अचूक’ चित्रात गाडी पाण्यावरच्या पुलावरून चाललेली. तो पूल ठाण्यापुढच्या खाडीवरचा. पहिली गाडी ठाण्याला थांबली आणि तिथूनच मागे फिरली, खाडी ओलांडून कल्याणला रूळ पोचले ते १ मे १८५४ ला. म्हणजे काकूंची गाडी पंचवीस वर्षांहून जास्त उशिरा आणि आप्पांची एक वर्ष. मध्य रेल्वेच्या परंपरेला धरूनच आहे म्हणा.

पण खरी मारामारी झाली ती मिनिटांवरून. गाडी सुटली दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, यावर एकमत. शनिवार होता. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, बोरीबंदर ते ठाणे एकवीस मैल. इंजिनं तीन: साहिब, सिंध आणि सुलतान. ही तीन नावं आमचा एमपीएससीवाला भाचा रामरक्षेसारखी म्हणतो, अर्ध्या झोपेतून उठवलं तरी. पण ठाण्याला पोचायला वेळ किती लागला? काकांच्या मजकुरात ५७ मिनिटं. आप्पांच्या मजकुरात सव्वा तास, म्हणजे ७५. पाच आणि सात, सात आणि पाच! कुणाच्या तरी लेखणीखाली आकडे उलटे झाले की गाडी मध्ये कुठे पाणी प्यायला थांबली होती, देव जाणे. दोन्ही आकडे छापून येतात आणि दोन्ही बाजूंचे लोक प्राण पणाला लावतात. काकांनी ‘५७’ ठळक केलं. आप्पांनी ‘७५’ लाल केलं. काकूंनी मधला मार्ग म्हणून ६६ सुचवलं. इतिहासाची सरासरी काढणारी पहिली बाई आमच्या बिल्डिंगमध्ये राहते!

आणि ‘भारतातली पहिली रेल्वे’ म्हणायची घाई तर सगळ्यांनाच. ‘प्रवासी’ हा एक शब्द गाळला की झालं. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहायला रूळ टाकलेले होते. रुडकीजवळ सोलानी नदीवर गंगेच्या कालव्याचा जलसेतू बांधत होते, तिथे १८५१ च्या डिसेंबरात वाफेच्या इंजिनानं माती वाहिली. माती म्हणजे काही चारशे निमंत्रित नव्हेत, तिला तोफा कोण देणार? नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई १८४५ पासून मुंबईत रेल्वे व्हावी म्हणून खटपट करत होते, ती आठ वर्षांची खटपटही दिनविशेषात मावत नाही. खटपटीला तारीख नसते. फीत कापायला असते.

माझा या सगळ्या प्रकारावर राग आहे तो इथे. एक तारीख उचलून चौकटीत बसवली की तिच्या आदल्या-पुढच्या तारखा गायब होतात. आणि मजा तर तिथेच असते! हॅरिएट क्विम्बी हे नाव घ्या. आमच्या ग्रुपवर कधी आलं नाही, मीच एकदा टाकलं तर काकांनी अंगठा दाखवला आणि काकूंनी विचारलं, “कोण गं ही?” अहो, अमेरिकेची पत्रकार बाई, जांभळ्या साटीनचा खास विमानाचा पोशाख शिवून घेतलेली, आणि १६ एप्रिल १९१२ ला डोव्हरहून एकटीनं विमान उडवून इंग्लिश खाडी पार करून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली. असं करणारी पहिली बाई. धुक्यातून, होकायंत्राच्या भरवशावर. वेळ लागला ५९ मिनिटं, म्हणजे काकांच्या ठाणे गाडीहून दोनच मिनिटं जास्त! दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर फोटो यायला हवा होता की नाही? पण आदल्या दिवशी, पंधराला, टायटॅनिक बुडाली होती. पानंच्या पानं बोटीनं खाल्ली. बिचारीला कोपरा मिळाला. अडीच महिन्यांत, १ जुलैला, बोस्टनला विमानातून पडून ती गेली. आता सांगा, नुसत्या सोळाच्या चौकटीत तिचं नाव घातलं तर हे कळणार कसं? पंधराचं पान शेजारी उघडून ठेवायला नको? वर गंमत अशी की विल्बर राइटचा जन्मही सोळा एप्रिलचा, १८६७ चा. त्याला मात्र दरवर्षी गुलाब.

आणि आता खरं लफडं ऐका. सोळा एप्रिल हा म्हणे जागतिक आवाज दिन. घसा, स्वरयंत्र वगैरेंची काळजी घ्यायचा. आणि त्याच दिवशी १८८९ साली जन्मला कोण? चार्ली चॅप्लिन! ज्यानं बोलपट आल्यावरही कित्येक वर्षं तोंड उघडायचं नाकारलं तो. एका खाली एक दोन नोंदी, ‘आपला आवाज जपा’ आणि ‘मूकपटांचा सम्राट’, आणि कुणालाही हसू फुटत नाही. बरं, चॅप्लिनच्या जन्माचा दाखला कधी सापडलाच नाही. तारीख आपण त्याच्या शब्दावर मानतो. आधार कार्ड काढायला गेला असता तर कुठल्याही कचेरीनं परत पाठवला असता. आमच्या काकांचा स्वतःचा वाढदिवस एक जून आहे, शाळेत मास्तरांनी टाकलेला. खरा दिवस त्यांच्या आईला ‘पुराच्या वर्षी, गौरींच्या आसपास’ एवढाच ठाऊक होता. असा माणूस पहाटे उठून जगाच्या जन्मतारखा वाटतो, याला काय म्हणावं?

पण मंडळी, हसवणाऱ्यांतला दुसरा सोळा एप्रिल मी सांगितला तेव्हा ग्रुपवर हलकल्लोळ झाला. स्पाइक मिलिगन. बीबीसी रेडिओवर १९५१ ते १९६० ‘द गून शो’ करून ज्यानं अख्ख्या ब्रिटनला वेड लावलं, तो विनोदवीर. जन्म १६ एप्रिल १९१८, गाव… धरा काळजाला हात… अहमदनगर! वडील ब्रिटिशांच्या सैन्यात, म्हणून. बालपण पुण्यात आणि मग रंगूनला. क्षणात सतरा जण जागे झाले. आप्पांनी विचारलं, “नगरचा? मग आपलाच म्हणायचा.” काकूंनी विचारलं, “नगरमध्ये कुठे? माझं माहेर आहे तिथे.” काकांनी तिसरीच शंका काढली, की आता गावाचं नाव अहिल्यानगर झालं आहे, तर जन्मगाव बदलून लिहायचं का? त्यावर सकाळचे दोन तास गेले. मिलिगन राहिला बाजूला.

त्याच्या पुढच्या करामती सांगाव्या की नको असं झालं मला. १९९४ साली याला जीवनगौरव द्यायला समारंभ, टीव्हीवर थेट चाललेला, प्रिन्स चार्ल्सचं कौतुकाचं पत्र वाचून दाखवताहेत आणि यानं मध्येच भर सभेत त्या राजपुत्राला सणसणीत शिवी हासडली! हसून हसून लोक खाली. नंतर यानंच राजपुत्राला विचारलं, की आता सरदारकीचा सवाल उरला नाही ना. काकू म्हणाल्या, “बाई बाई, नगरचं पाणी!” आणि तोंडाला पदर लावून हसल्या. गेला तो २००२ मध्ये. कधी? सत्तावीस फेब्रुवारीला! मराठी भाषा गौरव दिन! जन्म नगरला, मृत्यू कुसुमाग्रजांच्या जयंतीला. आता आप्पा त्याला मराठी साहित्यिक ठरवल्याशिवाय राहत नाहीत. थडग्यावर त्याला हवं होतं, ‘सांगत होतो ना, बरं नाही मला’. चर्चवाल्यांनी इंग्रजीत लिहू दिलं नाही, मग ते आयरिश भाषेत कोरलं. काकांनी खाली टाकलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. जयंतीच्या दिवशी. या एकाच माणसाला ते शोभलं.

तिसऱ्या मजल्यावर गिरणी कामगार चळवळीतले एक जुने भाऊ आहेत. फार बोलत नाहीत, पण सोळाला न चुकता लेनिन टाकतात. १९१७ साली स्वित्झर्लंडहून जर्मनांच्या मोहोरबंद डब्यातून निघून, स्वीडन-फिनलंडवरून रात्री उशिरा पेत्रोग्राडच्या फिनलंड स्टेशनात उतरला ती तारीख. काकांनी आक्षेप घेतला, की माझ्या पुस्तकात तीन एप्रिल दिलंय. भाऊंनी शांतपणे कळवलं, की रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती, आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे. लेनिन एकदाच उतरला, तारखा दोन. तिथीनं की तारखेनं हा वाद आपल्यालाच ठाऊक आहे असं वाटायचं मला! आणि सोळा एप्रिलच्या दोन गाड्या पाहा. एक चारशे पाहुणे घेऊन ठाण्याला गेली, दुसरीत तीसेक माणसं होती. काका अजून पहिल्याच गाडीची मिनिटं मोजताहेत.

मग आला स्वित्झर्लंडचा शास्त्रज्ञ. काकूंनी मोठ्या भक्तिभावानं टाकलं होतं, ‘१९४३: आल्बर्ट हॉफमन यांना प्रयोगशाळेत महत्त्वाचा शोध’. खाली ओम. मी भाच्याला विचारलं हा कसला शोध, तर त्यानं मान खाली घालून सांगितलं, एलएसडी. नशेचं! बाझेलला काम करताना चुकून अंगात गेलं, गरगरायला लागलं, डोळे मिटले की रंगांचा खेळ दिसायला लागला. आणि हा गृहस्थ शहाणा व्हायच्याऐवजी तीन दिवसांनी, एकोणीसला, मुद्दाम घेऊन सायकलवरून घरी गेला. वाटेत जग वाकडं झालं होतं म्हणे. त्या एकोणीसला जगभरचे शौकीन आता सायकल दिन पाळतात. काकूंना मी काही सांगितलं नाही. गेल्या वर्षी त्यांनी एकोणीसला सायकलचं चित्र टाकून लिहिलं होतं, ‘पर्यावरण वाचवा’.

आणि या गदारोळात नंदलाल बोस यांची पुण्यतिथी कुणाला दिसत नाही. १६ एप्रिल १९६६. भारताच्या संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची पानं ज्यांच्या मार्गदर्शनाखाली सजली, ते. संविधानाचा फोटो ग्रुपवर जानेवारीत दहा वेळा फिरतो. पानावरची वेलबुट्टी कुणी काढली, हे विचारायचं एप्रिलवर ढकललेलं असतं आणि एप्रिलमध्ये इंजिनं असतात.

आता ताजी बातमी. ५७ की ७५ याचा निकाल लावायचा ठराव कमिटीनं एकमतानं मंजूर केला आहे. २०२८ ला पहिल्या गाडीला १७५ वर्षं होतात. सोळा एप्रिलला सगळ्यांनी मिळून बोरीबंदरहून दुपारी ३.३५ च्या सुमाराची ठाणे स्लो पकडायची, काका घड्याळ धरणार, आप्पा दुसरं घड्याळ धरणार, आणि दोघांवर लक्ष ठेवायला काकू. स्लो लोकल आजही तासाच्या आसपासच घेते, त्यामुळे काका खुशीत आहेत. डब्यात खायला काय न्यायचं यावर उपसमिती नेमली आहे. तिकिटं, टोप्या, बॅनर, सगळं ठरलं. फक्त परवा भाच्यानं मोबाइलमध्ये २०२८ चं कॅलेंडर उघडलं. सोळा एप्रिलला रविवार आहे. आणि रविवारी दुपारी साडेतीनला मध्य रेल्वेवर काय असतं, हे मुंबईकराला दिनविशेषात वाचावं लागत नाही. आप्पांनी लगेच जाहीर केलं की मेगाब्लॉक धरून ७५ च निघणार. काकांनी ग्रुप सोडला आहे.